‘टेक’ म्हणजे नुसतं ‘घ्या’ नव्हे

अजिंठ्याहून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय. स्वयंपाक चालू असेल तर चालू द्या, फक्त गॅस बारीक करा आणि कान इकडं द्या.

आजचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, हे काय नवीनच! आज आम्ही एका इंग्रजी शब्दाबद्दल बोलणार आहोत. शब्द अगदी छोटा आहे. टेक. पहिलीतल्या पोरालासुद्धा तो येतो. टेक म्हणजे घेणे, झालं, त्यात काय बोलायचं? आम्हालाही असंच वाटायचं. या शब्दानं आमच्या गटाचे तीनशे रुपये नेले, आमची एक मैत्रीण गटातून बाहेर पडायला निघाली, तेव्हा आमचे डोळे उघडले.

झालं असं. थंडीचे दिवस होते. पर्यटकांचा हंगाम. आपला घाट उतरून खाली फर्दापूरला गेलं की लेण्यांचा फाटा लागतो. सगळ्या गाड्या तिथंच थांबतात आणि पुढचे चार किलोमीटर एसटीच्या बसनं जावं लागतं. त्या बाजूला आम्ही चार दिवस आमच्या मालाचं टेबल मांडलं होतं. ज्वारीचे पापड, शेंगदाण्याची चटणी आणि गोधडीच्या उरलेल्या कापडाचे बटवे. बटवे दीडशे रुपयांना एक. आमची एक ताई टेबलाजवळ उभी होती. हसतमुख आणि बोलकी बाई, गिऱ्हाइकाला परत जाऊ देत नाही. परदेशातली एक पाहुणी आली. पांढरे केस, पाठीला पिशवी. तिनं बटवा हातात घेतला, उलटापालटा केला, टाके निरखून बघितले. आमच्या ताईला फार आनंद झाला. ती म्हणाली, “टेक मॅडम, टेक. टेक टू.”

पाहुणीनं दोन बटवे घेतले. छातीवर हात ठेवून मान वाकवली. पिशवीतून चॉकलेटचं पाकीट काढून ताईच्या हातात दिलं. आणि बस लागली होती, तिकडं निघून गेली. बसच्या खिडकीतून हातसुद्धा हलवला.

ताई चॉकलेट हातात धरून उभी.

संध्याकाळी हिशोबाला बसलो तर तीनशे रुपये कमी. एक जण म्हणाली, एवढी शिकलेली गोरी बाई आणि चोरी करून गेली! दुसरी म्हणाली, चोर कशाला हात हलवून जाईल? तिसरी म्हणाली, ज्याच्या हातून गेलं त्यानं भरावं. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, “भरते मी. पण उद्यापासून मी काही टेबलावर उभी राहणार नाही. आणि पुढच्या महिन्यात माझं नावच काढा गटातून.”

त्या रात्री आम्ही विचार केला. ताईनं काय सांगितलं होतं? तिच्या मनात होतं, “घ्या ना मॅडम, दोन घ्या.” आपल्याकडं दुकानदार म्हणतो “घ्या ना ताई,” तेव्हा आपल्याला नक्की कळतं की विकत घ्या. पैसे द्यावे लागणार. पण इंग्रजीत विकणारा माणूस “टेक” म्हणाला, तर ऐकणाऱ्याला वाटतं, हे तुम्हाला देतोय, घेऊन जा. पाहुणीला वाटलं, या बाईनं प्रेमानं भेट दिली. म्हणून तिनं उलट भेट दिली, चॉकलेटची. तिनं चोरी केली नव्हती आणि आमच्या ताईनं हयगय केली नव्हती. मधल्या मधे शब्द घसरला.

बैठकीत आम्ही ठरवलं, तीनशे रुपये ताईकडून वसूल करायचे नाहीत. चार दिवसांच्या नफ्यातून वजा करायचे आणि वहीत खरं कारण लिहायचं. वहीत लिहिलं आहे, ‘दोन बटवे, इंग्रजी न समजल्यामुळे नुकसान, तीनशे रुपये.’ आणि दुसरं असं ठरवलं की दर आठवड्याला बचत गोळा झाली की दहा मिनिटं एका इंग्रजी शब्दाला द्यायची. पहिला शब्द अर्थातच टेक. आमच्यात बीए झालेलीही आहे. तिला इंग्रजी कवितेचा सारांश पाठ होता, पण बटवा कसा विकायचा ते तिलाही सांगता येत नव्हतं. तेव्हा सगळ्याजणी एकाच वर्गात बसलो.

आता तुम्हीही बसा. बसा, टेका जरा. बघा, आपल्या मराठीतही ‘टेका’ आहे. भिंतीला पाठ टेका, क्षणभर टेका. आणि इंग्रजीत पाहुण्याला बसा म्हणायचं तर म्हणतात ‘टेक अ सीट.’ त्या टेकचा आणि आपल्या टेकण्याचा काही संबंध नाही, पण लक्षात ठेवायला सोपं पडतं. आमच्या गटातल्या काकू हे एकदा ऐकल्यावर कधीच विसरल्या नाहीत.

पहिला अर्थ, खरेदीचा. आपण म्हणतो, “मी सिल्लोडच्या बाजारातून साडी घेतली.” शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत ‘आय टुक अ सारी’ म्हटलं, तर ऐकणाऱ्याला वाटेल की उचलून आणली. तिथं ‘बॉट’ म्हणायचं. बाय म्हणजे विकत घेणे, बॉट म्हणजे विकत घेतले. मात्र गिऱ्हाईक दुकानात उभं राहून, किंमत ऐकून ‘आय विल टेक इट’ म्हणालं, तर खूश व्हा. त्याचा अर्थ, पसंत पडलं, हे द्या. म्हणजे गिऱ्हाइकाच्या तोंडी टेक आलं तर विक्री झाली, आणि विकणाऱ्याच्या तोंडी आलं तर वस्तू फुकट जायची भीती. मग आपण काय म्हणायचं? माल दाखवताना ‘प्लीज हॅव अ लुक,’ म्हणजे बघा तरी. लगेच किंमत, ‘वन हंड्रेड फिफ्टी रुपीज.’ पैसे हातात आले, की वस्तू देताना ‘हिअर यू आर,’ म्हणजे हे घ्या. एवढी तीन वाक्यं आली तरी टेबल चालतं. कुणी विचारलं ‘डू यू टेक कार्ड्स?’ तर ते आपलं रेशन कार्ड मागत नाहीत. कार्डानं पैसे घेता का, असं विचारतात. आपल्याकडं मोबाइलवर पैसे घ्यायचा चौकोन चिकटवलेला असतो, तो दाखवायचा.

दुसरा अर्थ, नेणे. हा अर्थ तुमच्या घरात केव्हाच आलेला आहे, फक्त ओळख नाही. अंगणवाडीतून सहा महिने ते तीन वर्षांच्या लेकरांसाठी, गरोदर बाईसाठी आणि अंगावर पाजणाऱ्या आईसाठी जी पाकिटं मिळतात, त्यांना काय म्हणतो आपण? टीएचआर. टेक होम रेशन. म्हणजे घरी न्यायचा आहार. इथं टेक म्हणजे नेणे. तीन वर्षांच्या पुढची लेकरं अंगणवाडीत बसून जेवतात, त्यांच्यासाठी हा शब्द नाही. हॉटेलात ‘टेक अवे’ लिहिलेलं असतं, ते आपलं पार्सल. पगाराच्या कागदावर ‘टेक होम’ लिहिलेलं असतं, ते सगळी कापाकापी होऊन हातात पडणारे पैसे.

आता नेणं आलं की आणणं येतं. आणणे म्हणजे ब्रिंग. इथून तिकडं न्यायचं ते टेक, तिकडून इकडं आणायचं ते ब्रिंग. सून स्वयंपाकघरात आहे आणि तुम्ही ओसरीवरून म्हणालात ‘पाणी आण,’ तर ब्रिंग. ‘हा डबा शेतात ने,’ तर टेक. मुलं इथं फार घोटाळा करतात. त्यांना सांगा, माझ्याकडं येतंय ते ब्रिंग, माझ्याकडून जातंय ते टेक.

तिसरा अर्थ, लागणे. हा अर्थ आम्हाला सगळ्यात नवलाचा वाटला. आपण म्हणतो, वेळ लागतो. ‘लेण्यापर्यंत बसला किती वेळ लागतो?’ याला इंग्रजीत विचारतात, ‘हाउ लाँग डझ इट टेक?’ उत्तर, ‘इट टेक्स टेन मिनिट्स.’ म्हणजे ते काम तुमच्याकडून दहा मिनिटं घेतं. आपल्या मराठीत वेळ आपल्याला लागतो, इंग्रजीत काम आपला वेळ घेतं.

हे समजायला गावातलंच उदाहरण घेऊ. आपल्या अजिंठा गावात पारोची कबर आहे, 1856 सालची. पारो आणि रॉबर्ट गिल यांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. गिल हा इंग्रज फौजेतला अधिकारी. 1844 साली त्याला लेण्यांमधल्या चित्रांच्या नकला करायच्या कामावर नेमलं. त्या कामाला वर्षांमागून वर्षं लागली. इंग्रजीत हे सांगायचं तर ‘इट टुक मेनी यीअर्स.’ आणि त्या नकलांचं काय झालं? लंडनमध्ये क्रिस्टल पॅलेस नावाच्या मोठ्या काचेच्या इमारतीत त्या मांडल्या होत्या. 1866 साली तिथं आग लागली आणि त्यातल्या बहुतेक जळून गेल्या. करायला कित्येक वर्षं लागली, जळायला एक आग पुरली. गोधडी शिवणाऱ्या बाईला हे दुःख न सांगता कळतं.

गिलनं लेण्यांचे फोटोही काढले. तिथं येतो चौथा अर्थ, काढणे. आपण फोटो काढतो, इंग्रज फोटो घेतो. ‘टेक अ फोटो.’ पाहुणे विचारतात, ‘मे आय टेक युवर फोटो?’ त्याचा अर्थ, तुमचा फोटो काढू का? तुमच्या घरातला फोटो नेऊ का, असा नव्हे. आणि हेही लक्षात ठेवा, त्यांनी विचारलं म्हणजे हो म्हणायलाच पाहिजे असं नाही. मन नसेल तर ‘नो, प्लीज’ म्हणा. डोक्यावर पदर घेऊन भाकरी खात बसलेल्या बाईचा फोटो कुणाच्याही मोबाइलमध्ये जावा की नाही, ते त्या बाईनं ठरवायचं.

काढणेचा दुसरा प्रकार म्हणजे चपला काढणे. चित्रं असलेल्या लेण्यांत जाताना पायातलं बाहेर काढायला लावतात. ‘टेक ऑफ युवर शूज.’ टेकच्या मागं ‘ऑफ’ लागला की अंगावरचं, पायातलं काढा. पण हेच ‘टेक ऑफ’ विमानाला लावलं तर विमान उडालं. चपला उडाल्या असं समजू नका! हे ऐकून आमच्या बैठकीत पाच मिनिटं कुणाचं हसू थांबत नव्हतं.

आता शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणींसाठी एक गंमत. गिऱ्हाईक म्हणतं, “ब्लाउज दंडात सैल होतोय, थोडा आत घ्या.” इंग्रजीत काय म्हणतात माहीत आहे? ‘टेक इन.’ तंतोतंत आपलंच, आत घ्या. माप घेणे म्हणजे ‘टेक मेजरमेंट्स.’ भाग घेणे म्हणजे ‘टेक पार्ट.’ काळजी घेणे म्हणजे ‘टेक केअर.’ धडा घ्यायचा, सूड घ्यायचा, जबाबदारी घ्यायची, सगळीकडं टेक चालतो. म्हणजे घाबरून जायचं कारण नाही. निम्म्या ठिकाणी आपली मराठी आणि त्यांची इंग्रजी हातात हात घालून चालतात. उरलेल्या निम्म्यात लक्ष ठेवायचं.

लक्ष कुठं ठेवायचं? पहिलं म्हणजे परीक्षा. आपल्याकडं विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक घेतात. इंग्रजीत उलटं. तिथं परीक्षेला बसणारा परीक्षा ‘टेक’ करतो. ‘शी टुक द एक्झाम’ म्हणजे तिनं परीक्षा दिली. आपल्या मुली मुलाखतीत ‘आय गेव्ह एक्झाम’ म्हणतात. आपल्याकडं ते सगळ्यांना कळतं, त्यानं आभाळ कोसळत नाही. पण बाहेरच्या देशातला माणूस समोर असेल, तर त्याला वाटेल ही पोरगी शिक्षिका आहे की काय.

दुसरं म्हणजे चहा. ‘चहा घ्या’ याला ‘हॅव टी’ म्हणतात. ‘डू यू टेक शुगर?’ असं कुणी विचारलं तर चहात साखर चालते का, असा अर्थ. तिसरं, टेन्शन. ‘टेन्शन घेऊ नका’ हे आपलं रोजचं वाक्य. टेन्शन शब्द इंग्रजी, घेऊ नका मराठी. पण ‘डोन्ट टेक टेन्शन’ ही आपल्याच मातीतली इंग्रजी. बाहेरचा माणूस म्हणेल ‘डोन्ट वरी.’ आणि चौथं, ‘टेक प्लेस.’ बँकेच्या किंवा पंचायत समितीच्या पत्रात असतं, ‘द मीटिंग विल टेक प्लेस ऑन मंडे.’ आमच्यातल्या एकीनं वाचलं आणि सांगितलं, सोमवारी लवकर जाऊन जागा धरायची आहे! टेक प्लेस म्हणजे होणे, घडणे. सोमवारी बैठक होणार आहे, एवढंच.

आता मैत्रिणींनो, हसणं बाजूला ठेवू. पुढच्या दोन गोष्टी नीट ऐका. हातातलं काम थांबवा.

पहिली गोष्ट औषधाची. औषध घेणे म्हणजे ‘टेक मेडिसिन.’ हे सरळ आहे. चिठ्ठीवर ‘टेक वन टॅब्लेट ट्वाइस अ डे’ असेल, तर एक गोळी सकाळी आणि एक संध्याकाळी. ट्वाइस म्हणजे दोन वेळा. एका वेळी दोन गोळ्या असा अर्थ होत नाही. आम्ही एकदा सगळ्यांना घरातली गोळ्यांची रिकामी पाकिटं बैठकीत आणायला सांगितली. काही पाकिटांवर लाल रेघ किंवा लाल चौकट दिसली. चौकटीत बारीक इंग्रजी अक्षरं. आठवीपर्यंत शिकलेल्या एका मैत्रिणीनं बोट ठेवलं आणि म्हणाली, “हे बघा, इथं टेक लिहिलंय. घ्या म्हणून.” आम्ही पूर्ण वाक्य वाचलं. ‘इट इज डेंजरस टू टेक धिस प्रिपरेशन’ अशी सुरुवात होती. म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय हे औषध घेणं धोक्याचं आहे. बघा, एकच शब्द येत होता, टेक, आणि त्या एका शब्दानं अर्थ अगदी उलटा लावला. घेऊ नका म्हणणारी ओळ तिला घ्या म्हणून दिसली.

म्हणून लाल चौकट दिसली, की शेजारणीची उरलेली गोळी घ्यायची नाही आणि आपली उरलेली तिला द्यायची नाही. वाचता येवो न येवो, लाल रंग सगळ्यांना कळतो. आधी आशाताईंना किंवा दवाखान्यात विचारायचं.

दुसरी गोष्ट कागदाची. टेकच्या पुढं ‘अंडर’ लागला की शब्द होतो ‘अंडरटेक.’ त्याचं नाम ‘अंडरटेकिंग,’ आपल्या भाषेत हमीपत्र. आमच्या ओळखीच्या एका बाईकडं तिचा नातेवाईक कागद घेऊन आला. म्हणाला, “मावशी, नुसती साक्षीदार म्हणून सही कर. कर्ज माझं आहे, तुला काही लागत नाही.” कागद सगळा इंग्रजीत. तिची बारावीतली मुलगी वाचायला बसली. तिला वाक्यात ‘टेक’ दिसलं आणि ‘लोन’ दिसलं. तिनं आईला सांगितलं, यात मामेभावानं कर्ज घेतलंय असं लिहिलंय. आई सही करायला बसली. पण तिच्या मनात पाल चुकचुकली. कागद पदराखाली घालून ती आमच्याकडं आली.

कागदावर होतं, ‘आय अंडरटेक टू रिपे.’ याचा अर्थ, परतफेड करायची मी हमी देते. सही साक्षीदाराची नव्हती, जामीनदाराची होती. आपल्या देशातला करार कायदा 1872 सालचा आहे. त्या कायद्याप्रमाणे, करारात वेगळं काही लिहिलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. म्हणजे त्यानं हप्ता बुडवला तर मागणी थेट मावशीच्या दारात. साक्षीदार वेगळा, जामीनदार वेगळा. साक्षीदार फक्त सांगतो की माझ्यासमोर सही झाली. जामीनदार सांगतो, त्यानं नाही भरलं तर मी भरीन. दोघांच्या सह्या एकाच कागदावर असू शकतात, म्हणून आपली सही कोणत्या ओळीखाली आहे ते बघायचं.

मावशीनं सही केली नाही. घरात चार दिवस कुरबूर झाली. नातेवाईक बोलला, “बचत गटात गेली आणि शहाणी झाली.” तिनं आम्हाला हे सांगितलं तेव्हा आम्हाला ते कौतुकच वाटलं.

इथं एक हक्क सांगून ठेवतो. रिझर्व्ह बँकेनं 2022 साली लहान कर्जांसाठी, म्हणजे ज्याला आपण मायक्रो फायनान्स म्हणतो त्यासाठी, नियम केले. त्यांत सांगितलं आहे की कर्जाचा करार कर्जदाराला समजेल अशा भाषेत असला पाहिजे. व्याज किती, इतर खर्च किती, हप्ते किती, हे सांगणारी माहितीची सोपी पत्रिकाही द्यायला पाहिजे. तेव्हा कुणी इंग्रजी कागद पुढं केला, तर लाजायचं नाही. सरळ म्हणायचं, “मराठीतला कागद द्या, घरी नेऊन वाचते, उद्या सही करते.” समोरचा म्हणाला आजच करा, उद्या मिळणार नाही, तर समजून घ्या की घाई त्याला आहे, आपल्याला नाही. इंग्रजीत यालाही टेक आहे. ‘टेक युवर टाइम.’ म्हणजे सावकाश करा, हवा तेवढा वेळ घ्या.

आपल्या गटाच्या कर्जालाही हेच लागू आहे बरं का. 1992 साली नाबार्डनं बचत गटांना बँकेशी जोडायला सुरुवात केली. गट कर्ज घेतो तेव्हा सगळ्या सदस्यांचा आपसातला करार असतो. त्यावर आपण सगळ्या सह्या करतो. त्या सहीतही हमी आहे. आपल्या गटाचा कागद आपण वाचला आहे का? नसेल तर पुढच्या बैठकीत अध्यक्षबाईंना मोठ्यानं वाचायला सांगा.

आता थोडं व्याकरण, पाठ करण्यापुरतं. आज, रोज, टेक. काल, टुक. ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ पुढं असेल तर टेकन. ती, तो, ते असेल तर टेक्स. ‘आय टेक’ पण ‘शी टेक्स.’ ‘डिड’ आला की पुन्हा मूळ टेक. ‘डिड यू टुक’ असं म्हणू नका, ‘डिड यू टेक’ म्हणा. ‘आय हॅव टुक’ नको, ‘आय हॅव टेकन.’ बसमध्ये जागेवर रुमाल ठेवलेला असतो ना, त्याला म्हणायचं ‘धिस सीट इज टेकन.’ जागा धरलेली आहे. आमच्या बैठकीत आम्ही हे ओवीसारखं तालात म्हणतो. टेक, टुक, टेकन. तीनदा म्हटलं की बसतं.

जाता जाता एक गोष्ट सांगायची राहिली. हा टेक शब्द मुळात इंग्रजांचा नाहीच. हजारेक वर्षांपूर्वी डेन्मार्क, नॉर्वेकडचे दर्यावर्दी लोक होड्यांतून इंग्लंडात आले, भांडले, मग काहीजण तिथंच राहिले, शेती करू लागले. त्यांच्या बोलीतला हा शब्द. इंग्रजांचा घेणे या अर्थाचा स्वतःचा वेगळा शब्द होता, निमन. पाहुण्यांचा शब्द घरात शिरला आणि घरचा शब्द मागं पडला. त्या जुन्या शब्दाची एक खूण इंग्रजीत अजून आहे. हातापायाला मुंग्या येऊन बधिर झाले की ते म्हणतात ‘नम.’ म्हणजे मुळात, धरला गेलेला, घेतला गेलेला.

आम्हाला हे कळलं तेव्हा आम्ही आमची गटाची वही उघडली. कर्ज, हप्ता, वसूल, जमा, जामीन. हे सगळे शब्द फारसी-अरबीतून आलेले. आपला भाग 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, पण हे शब्द त्याच्याही आधीपासून मराठीत मुरलेले आहेत. आज आमच्या काकूंना ‘वसुली’ हा शब्द परका आहे असं सांगून बघा, त्या तुम्हालाच वेड्यात काढतील. मग टेकलाच का घाबरायचं? शब्द वापरला की आपला होतो. फक्त वापरण्याआधी ओळख करून घ्यायची, जशी नव्या सदस्याला गटात घेताना करून घेतो.

आमच्या ताईचं काय झालं, हे विचाराल. तिनं नाव काढलं नाही. दोन महिने ती मागंच बसायची, बटवे शिवायची, बोलायची नाही. मग एका रविवारी आम्ही तिला ओढून फर्दापूरला नेलं. लेणी सोमवारी बंद असतात, म्हणून रविवारी गर्दी फार. एक जोडपं आलं, बटवा हातात घेतला. ताईनं आमच्याकडं बघितलं. आम्ही कुणी काही बोललो नाही. ती म्हणाली, “प्लीज हॅव अ लुक. वन हंड्रेड फिफ्टी रुपीज.” त्या बाईनं नवऱ्याकडं बघितलं, हसली आणि म्हणाली, “आय विल टेक इट.”

ताईनं आधी पैसे घेतले. मोजले. मग बटवा पुढं केला, “हिअर यू आर.” आणि ते निघाले तेव्हा मागून हाक मारून म्हणाली, “टेक केअर!” हे वाक्य आम्ही शिकवलेल्या तीनात नव्हतं. ते तिचं स्वतःचं.

मैत्रिणींनो, चुकीला इंग्रजीत मिस्टेक म्हणतात, हे तर आपण सगळ्या रोज म्हणतो. त्या शब्दाच्या पोटातही टेक आहे. मिस्टेक म्हणजे मुळात चुकीचं घेणं. आमच्या ताईची मिस्टेक झाली, पाहुणीचीही झाली. गोळ्यांचं पाकीट वाचणाऱ्या मैत्रिणीची झाली, बारावीच्या पोरीची झाली. कुणाचाच हेतू वाईट नव्हता. अशी चूक एकटीच्या पदरात टाकून तिला गप्प बसवलं असतं, तर आम्ही तीनशे रुपये वाचवले असते आणि एक माणूस घालवला असता. तुमच्या गटात, तुमच्या घरात कुणाचं असं काही चुकलं, तर आधी विचारा, तुला काय समजलं होतं? बऱ्याचदा उत्तर तिथंच सापडतं.

या आठवड्याचा अभ्यास सांगतो. घरातलं एक औषधाचं पाकीट, अंगणवाडीतलं एक आहाराचं पाकीट आणि तुम्ही सही केलेला एक कागद समोर घ्या. त्यात टेक कुठं कुठं आहे ते शोधा. सापडला की लेकीला किंवा सुनेला विचारा, इथं त्याचा अर्थ काय. तिला नाही आलं तर दोघी मिळून पुढच्या बैठकीत विचारा.

आता भाकरी उलटा, करपायची. काळजी घ्या. नमस्कार.